सोलापुरांतील दुरुस्तीची गल्ली

यंदा संक्रांतीस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेकरितां आम्ही सोलापुरास गेलों होतों. तळ्यांतील मंदिर, शेजारचा भुईकोट किल्ला, नंदीध्वजांची मिरवणूक यांचीं वर्णनें वाचकांनीं अनेकदां वाचलीं असतील. तीं येथें पुन्हां देत नाहीं. या खेपेस आमची पायपीट निराळ्याच कामाकरितां झाली.

आमचे ज्येष्ठ बंधू दोन वर्षांपूर्वीं निवर्तले. त्यांचा आवाज वहिनींच्या मोबाईलमध्यें चार-सहा निरोपांच्या रूपानें उरला होता, आणि तो फोन एके रात्रीं चार्जिंगला लावला तो पुन्हां उठलाच नाहीं. अधिकृत केंद्रांत सांगण्यांत आलें कीं, आंतला बोर्ड सबंध बदलावा लागेल. खर्च नव्या फोनाच्या जवळपास, आणि आंतील सर्व कांहीं जाईल. साठ्याची चिप बोर्डावरच बसविलेली असते, तेव्हां हें म्हणणें खोटें नव्हतें. पण नेमकें काय बिघडलें तें पाहण्याची तेथें कोणास गरजच वाटली नाहीं.

पुतण्या म्हणाला, "काका, नव्या पेठेंत दाखवूं."

नव्या पेठेंतील त्या अरुंद गल्लींत मोबाईलचीं दुकानें एकास एक लागून आहेत. आमचा कारागीर पंचविशीचा, घरीं तेलुगू बोलणारा पद्मशाली तरुण. वडील यंत्रमागाचे जॉबर. सोलापुरांत १८७७ सालीं 'जुनी गिरणी' निघाली; पुढें ती बंद पडली. परंतु माग दुरुस्त करणारे हात येथें शिल्लक राहिले. मागाचें दांताळें चाक मोडलें तर मूळ कारखानदाराची परवानगी कोणी मागत नाहीं. लेथवर दुसरें घडवितात आणि संध्याकाळपर्यंत चादर पुढें सरकते.

त्या तरुणानें सूक्ष्मदर्शकाखालीं बोर्ड धरला, मीटरचीं टोंकें टेकविलीं आणि म्हणाला, "आजोबा, बोर्ड मेलेला नाही. चार्जिंगचं बारकं आयसी शॉर्ट झालंय." मग गरम हवेच्या झोतानें मोहरीएवढ्या जागेंतलें कथील वितळवून तो तुकडा उचलला, आणि एका मोडक्या फोनांतून काढलेला तसाच तुकडा तेथें बसविला. आमच्या अग्निपुराणांत जीर्णोद्धारविधीस स्वतंत्र अध्याय आहे, याची आम्हांस तेथें उगीचच आठवण झाली.

त्याची तक्रार वेगळीच होती. कांहीं फोनांत त्याच जातीच्या दुसऱ्या फोनाचा अस्सल पडदा बसविला तरी 'अनोळखी भाग' अशी सूचना झळकते, कारण प्रत्येक भागाची गांठ कारखान्यांतच त्या एका फोनाशीं बांधलेली असते. अमेरिकेंत ऑरेगॉन संस्थानानें २०२४ सालीं कायदा करून या गांठीस बंदी केली. युरोपीय संघानेंही त्याच वर्षीं दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. आपल्याकडे २०१४ सालीं स्पर्धा आयोगानें चौदा मोटार कंपन्यांस, सुटे भाग खुल्या बाजारांत विकत नाहींत म्हणून, अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. पुढें अपिलें झालीं. ग्राहक व्यवहार विभागानें जुलै २०२२ मध्यें समिती नेमली: शेतीचीं अवजारें, मोबाईल, घरगुती उपकरणें व वाहनें हीं तिचीं चार क्षेत्रें. त्याच वर्षीं २४ डिसेंबरला एक सरकारी संकेतस्थळही उघडलें. आमच्या कारागिरास यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. त्याला बोर्डाचा नकाशा हवा होता. तो कंपनी देत नाहीं.

गल्लींत सर्वच साधुपुरुष आहेत असें मात्र नव्हे. नांव अस्सल आणि माल नकली, अशा बॅटऱ्याही तेथें विकल्या जातात, आणि फुगलेली बॅटरी उशाशीं घेऊन निजणें हा जिवाशीं खेळ आहे. आमच्या तरुणानें "बॅटरी माझ्याकडं ओरिजिनल नाही, जुनीच राहू द्या," असें आपण होऊन सांगितलें. एवढ्यानें आमचा त्याच्यावर विश्वास बसला.

पाऊण तासानें फोन उजळला. बाराशें रुपये झाले. वहिनींनीं कांपऱ्या बोटानें निरोप लावला. "अगं, कडक भाकरी संपली आहे, येतांना घेऊन ये," एवढेंच बंधू त्यांत म्हणत होते. वहिनींनीं तें दुकानांतच दोनदां ऐकलें, आणि परततांना वाटेंत रिक्षा थांबवून भाकरीचा एक पुडा घेतला.