पवनारचा एक दिवस आणि तीन तारखा

१/ सोमवार, १५ नोव्हेंबर १९८२. वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे, धाम नदीच्या काठावरील आश्रमात विनोबा भावे यांनी देह ठेवला. त्यापूर्वी काही दिवस त्यांनी अन्न व औषध वर्ज्य केले होते. तो दिवस दिवाळीचा, लक्ष्मीपूजनाचा होता.

२/ महाराष्ट्रातील पंचांगाप्रमाणे ती शके १९०४ ची आश्विन वद्य अमावास्या. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तेथे तीच अमावास्या कार्तिकातली. भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत मात्र ती तारीख २४ कार्तिक १९०४.

३/ ही राष्ट्रीय दिनदर्शिका मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवली व २२ मार्च १९५७ पासून ती लागू झाली. ती सौर आहे. तिच्यातील महिन्यांची नावे जुनी असली, तरी त्यांचा चंद्रकलांशी संबंध नाही. तिचा कार्तिक दरवर्षी २३ ऑक्टोबरलाच सुरू होतो.

४/ संगणकाला यांपैकी कोणतेच नाव लागत नाही. अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० हा शून्य दिवस धरून पुढे मोजतात. त्या हिशेबात पवनारचा तो दिवस ४७०१ वा. महिन्याचे नाव फक्त दाखवताना जोडले जाते. राष्ट्रीय दिनदर्शिकेचे नियम ठरीव असल्याने तिच्यासाठी साधी बेरीज-वजाबाकी पुरते. तिथीसाठी मात्र सूर्य-चंद्रांमधील अंतर आणि त्या गावचा सूर्योदय काढावा लागतो. शिवाय १९८२ मध्ये अधिक आश्विन होता. तेव्हा 'अधिक' की 'निज', हेही नोंदवावे लागते.

५/ खरा धोका पुढे आहे. पंचांगात अमावास्या ३० या अंकाने दाखवतात. समजा, एखाद्या जुन्या कागदावर 'आश्विन ३०, शके १९०४' असे लिहिले आहे. ते राष्ट्रीय दिनदर्शिकेचे समजून संगणकाला दिले, तर उत्तर येईल २२ ऑक्टोबर १९८२. म्हणजे निधन २४ दिवस आधी नोंदले जाईल. महिना खरा, अंक खरा, शकही खरा. त्यामुळे संगणक चूक दाखवणार नाही.

६/ म्हणून जुन्या तारखेचे रूपांतर करताना मूळ शब्द पुसू नयेत. कागदावरची तारीख जशीच्या तशी, ती कोणत्या गणनेतली हे, आणि रूपांतरित दिवस, अशा तीनही गोष्टी शेजारीशेजारी ठेवाव्यात. रूपांतर चुकले, तरी मूळ नोंद हाताशी असेल, तर पुढचा अभ्यासक ते दुरुस्त करू शकतो.