बोट विकताना

गेल्या हिवाळ्यात मी माझी बोट विकली. ‘माझी बोट’ म्हटले की गावाकडचे लोक हसतात. त्यांना वाटते, गल्फमध्ये राहून मी शेख झालो की काय! तसे काही नाही. मी अजमानच्या एका वर्कशॉपमध्ये आउटबोर्ड इंजिनांचा मेकॅनिक होतो. २००६ साली कुणीतरी उन्हात टाकून दिलेली २८ फुटी स्पीडबोट मी भंगाराच्या भावात उचलली आणि दोन वर्षे सुट्टीच्या दिवशी खपून ती पुन्हा पाण्यावर आणली.

तिचा तळ खोल व्हीच्या आकाराचा, लाट कापत जाणारा. मागे यामाहाची २०० हॉर्सपॉवरची दोन टू-स्ट्रोक इंजिने. समुद्र शांत असला की ५० नॉट, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या वर जायची. तेव्हा दोन्ही इंजिने मिळून तासाला दीडशे लिटरच्या आसपास पेट्रोल पीत. २०१५ च्या ऑगस्टपासून अमिरातीत इंधनावरची सवलत संपली आणि तो वेग आम्हाला परवडेनासा झाला. मग सुरमईसाठी एखादी फेरी, एवढेच.

आता नोकरी संपली. बाणकोट खाडीच्या काठी जुने घर आहे, त्याचे छप्पर गळते. बोटीचे पैसे छपराला लावायचे, असे आम्ही नवरा-बायकोने ठरवले होते.

गिऱ्हाइके आली. कुणी बघायच्या आधीच ‘लास्ट प्राइस’ विचारी. कुणी फक्त रंग बघे. मी सगळ्यांना एक वही दाखवत असे. १९ वर्षांचा हिशेब त्या वहीत होता. ऑइल कधी भरले, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर कधी बदलला, दर फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिने धुतली की नाही, सगळे तारखेनिशी. सिलिंडरांच्या कम्प्रेशनचे आकडेही होते, सगळे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत. वही बघून माणसांचा विश्वास बसे.

एक तरुण अरब आला. सोबत त्याची दोन पोरे. त्याने इंजिने सुरू करून पाहिली, वही चाळली आणि एका पानावर बोट ठेवून विचारले, “यात काय?”

मी म्हणालो, “सर्व्हिस.”

५५ हजार दिरहॅमला सौदा ठरला. दोन दिवसांनी पैसे आणतो म्हणाला.

ते पान सर्व्हिसचे नव्हते. बोटीच्या मागच्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून फायबर, आत प्लायवूड. दोन्ही इंजिनांचे चारशे किलोच्या आसपास वजन आणि त्यांचा सगळा जोर तिच्यावरच येतो. जुन्या स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरून आतले लाकूड कुजले होते. २०१७ मध्ये मी इंजिने उतरवली, कुजलेले कापून नवे मरीन प्लायवूड बसवले. पण उजव्या खालच्या कोपऱ्यातला हातभर भाग राहिला. पैसे संपले होते, रजाही संपली होती. वरून जेलकोट मारला आणि वहीत लिहिले, ‘उजवा कोपरा राहिला. पुढच्या हिवाळ्यात करणे.’ तो हिवाळा काही आला नाही. हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकले तर टणटण वाजते, तिथे मात्र बद्द आवाज येतो.

खरे म्हणजे मी खोटे लिहिले नव्हते. पण ते मराठीत होते आणि तिथे ते वाचणारा मी एकटाच!

आमचे बावा मचव्यावर तांडेल होते. म्हातारपणी त्यांनी आपली छोटी होडी विकली, तेव्हा घेणाऱ्याला हात धरून होडीखाली नेले आणि ती कुठे गळते ते दाखवले. आई चिडली होती. बावा म्हणाले, “ऐब पाण्यात गेल्यावर कळतो. म्हणून तो जमिनीवर सांगायचा.” त्यांची होडी वल्ह्याने चालणारी. फुटली असती तर माणूस पोहत काठाला आला असता. माझी ५० नॉटने जाणारी. त्या वेगात ट्रान्सम फाटला तर काय होते, हे माझ्यासारख्या मेकॅनिकला कुणी सांगायला नको.

रात्री बायकोला सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “छप्पर एका पावसाने उशिरा होईल. त्याची पोरं बसणार आहेत ना त्यात? सांगून टाका.”

सकाळी मी त्याला फोन केला. आधी तो भडकला. त्या दिवशी ‘सर्व्हिस’ का म्हणालास, असे त्याने विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याने फोन ठेवला. आठवडा गेला. दुसऱ्या एका दलालाने ४५ हजार सांगितले. त्याने काही विचारले नाही, आणि विचारत नाही म्हणूनच मला त्याला द्यावीशी वाटेना.

मग तो तरुण आपल्या वडिलांना घेऊन आला. म्हाताऱ्याने चप्पल काढली, खाली वाकून खिशातल्या नाण्याने ट्रान्सम ठोकला आणि कोपऱ्याशी थांबला. माझ्याकडे बघून मान हलवली. कोपरा कापून नवा करायचा खर्च धरून ३८ हजार ठरले.

पैसे मोजून झाल्यावर तो म्हणाला, “आता वही वाच.”

आम्ही बोटीतच बसलो. मी मोडक्यातोडक्या अरबीत एकेक पान सांगत गेलो आणि त्याचा मोठा पोरगा ते आपल्या वहीत लिहीत गेला. दोन तास लागले. शेवटी मी त्या पोराला इंजिन बंद करणारी लाल दोरी दाखवली. चालवणारा पाण्यात पडला की ती निसटते आणि इंजिन थांबते. म्हटले, ही मनगटाला बांधल्याशिवाय बापाला चावी फिरवू देऊ नकोस.

छपराचे अर्धे काम या उन्हाळ्यात झाले. अर्ध्यावर अजून ताडपत्री आहे.