डबा तोच, ऐवज वेगळा

(द्वितीय वर्ष, कला)

ज्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, त्या घरचे वाङ्मय कोठे असते? आमच्या घरी ते जात्याच्या खुंट्याशी होते. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. पण तिच्या ओव्यांची मोजदाद आजवर कोणी केलेली नाही. विभागाच्या प्रकल्पासाठी त्या ओव्यांची पंधरा मिनिटांची चित्रफीत करावी, असे मी या वर्षी ठरविले. पारनेर तालुक्यातले आमचे गाव, चुलतभावाचा नवा फोन, माझा जुना फोन आणि परसात पालथे पडलेले जाते, एवढेच भांडवल. हात फिरल्याशिवाय गळा फिरत नाही, असे आजीचे म्हणणे. म्हणून जाते धुऊन बसविले, बाजरी आणली, आणि मग ती गायली.

गाणे झाले. आता फक्त जोडकाम राहिले, असे वाटले. पण मित्राच्या संगणकावर संपादनाच्या सॉफ्टवेअरने आजीला दारातच अडविले! नव्या फोनवरच्या चार फायलींचा आवाज आत आला, चित्राच्या जागी नुसता काळोख. जुन्या फोनवरच्या दोन आत आल्या. पण ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. सातवी फाईल तर उघडेचना.

ही सातवीच महत्त्वाची होती. तिच्यात माझ्या थोरल्या आत्याची ओवी होती. आत्या वारली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आजीने ती ओवी त्या दिवशी आपणहून म्हटली, आणि संपल्यावर पदराने तोंड पुसून म्हणाली, “आता पुन्हा नको म्हणायला लावू, बाळा.” मी पुन्हा सांगणारही नव्हतो. ओवी संपता संपता फोन एकाएकी बंद पडला होता.

दुरुस्तीच्या दुकानात सांगण्यात आले, “फायली खराब झाल्यात, नव्याने शूटिंग करा.” नव्याने? कोणाला सांगणार?

मग चार रात्री वाचन केले, तेव्हा उलगडा झाला. फाईलच्या नावापुढचे ‘एमपी४’ हे केवळ डब्याचे नाव आहे. आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात शेवया असतात, तसेच हे. आतले चित्र कोणत्या पद्धतीने आवळून भरले आहे, ते डब्यावरून कळत नाही. ‘एच.२६४’ ही पद्धत २००३ सालची. ती जवळजवळ सर्वत्र चालते. ‘एच.२६५’ २०१३ सालची. ती तेवढेच चित्र साधारण निम्म्या जागेत बसविते, म्हणून नवे फोन तिचा वापर करतात. पण ती उलगडण्याची सोय ज्या संगणकात नाही, त्याला चित्र दिसणार कसे? नाव बदलून पाहण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. पण डब्यावरची चिठ्ठी बदलल्याने शेवयांची बिस्किटे होत नाहीत.

‘व्हीएलसी’मध्ये फाईल लावून कोडेकची माहिती उघडली की आतला ऐवज कळतो. हे व्हीएलसी १९९६ साली पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मले, हे वाचून मला फार बरे वाटले. पुढे ‘हँडब्रेक’ या मोफत साधनाने चारही फायली एच.२६४ मध्ये आणल्या, काळोख गेला. ओठांचा घोळ निराळा होता. फोन कमी उजेडात दर सेकंदाची चित्रे कमीजास्त करतो, आणि संपादनाचे सॉफ्टवेअर ती ठरावीक आहेत असे धरून चालते. हँडब्रेकमध्येच चित्रांचा वेग स्थिर ठेवण्याची खूण केली, आणि शब्द ओठांवर आले.

सातवीचे दुखणे खोल होते. अशा फायलीत कोणते चित्र कोठे आहे याची अनुक्रमणिका बहुधा अगदी शेवटी लिहिली जाते. फोन आधीच बंद पडला, की पाने असतात पण अनुक्रमणिका नसते. त्यावर ‘अनट्रंक’ नावाचे साधन आहे. त्याच फोनवर घेतलेली धडधाकट फाईल त्याला नमुना म्हणून दिली, की तो नमुना पाहून ते हरवलेली अनुक्रमणिका पुन्हा मांडते. मूळ फाईलला हात न लावता नकलेवर प्रयोग केला. शेवटचे काही क्षण गेले, ओवी मिळाली.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही आणले होते. कोरी फिल्म बिनभोकांची येई. भोके यंत्राच्या दात्यांशी जुळली तरच ती पुढे सरके. हे काम सरस्वतीबाई अंधारात बसून करीत. म्हणजे चित्र यंत्रात शिरत नाही, ही अडचण १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’इतकीच जुनी, आणि ती सोडविणारे हात घरातलेच! हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांच्यापुढे माझ्या सात फायली म्हणजे ओंजळभर दाणे. पण आमच्या घरचे दाणे.

खरे सांगू? या चार रात्रींत मला स्वतःचाही थोडा विचार सुचला. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी मी वर्गात बोलू लागलो, की काही चेहऱ्यांवर तसाच काळोख दिसे. उत्तर बरोबर असे, पण बोली पोहोचत नसे. हळूहळू मी प्रमाणभाषा शिकलो. हा लेखही तिच्यातच लिहीत आहे. त्याचे मला दुःख नाही. मात्र प्रत्येक रूपांतरात मुळातले थोडे गळते, असे तंत्रज्ञ सांगतात. म्हणून रूपांतर वापरावे, पण मूळ पुसू नये. सुटीत एसटीतून उतरलो की मी आजीशी तिच्याच बोलीत बोलतो.

चित्रफीत विभागात दाखविली. आत्याची ओवी मात्र तीत घातली नाही. ती आजीची खाजगी ठेव आहे. सातही मूळ फायली तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. ज्या मित्रांच्या फोनमध्ये अशा न उघडणाऱ्या फायली पडून असतील, त्यांना एकच विनंती: कोणी ‘खराब झाली’ म्हटले, तरी लगेच पुसू नका.