गणितासाठी थांबले

गेल्या उन्हाळ्यात मी खासगी विद्यापीठात जायचं पक्कं केलं होतं. फॉर्म भरला होता, तिथली मुलाखत झाली होती, पहिल्या वर्षाची फी आत्याने द्यायची कबूल केली होती. आज मी त्याच जुन्या अनुदानित कॉलेजात एसवाय बीएस्सीला आहे. मेजर गणित. माझं मत का फिरलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं आणि प्रत्येकाला मी त्याला पटेल असं उत्तर दिलं. पप्पांना म्हटलं, दरवर्षी एवढी फी झेपणार नाही. खोलीवरच्या मैत्रिणींना म्हटलं, जायला-यायला लांब पडतं. दोन्ही खरं आहे, पण तेवढ्यासाठी मी थांबले नसते.

मी बार्शीची. पुण्यात आले ती गणित शिकायला. पहिल्या वर्षी पाहिलं, तर विभागात कायमस्वरूपी प्राध्यापक एकच, तेही निवृत्तीला आलेले. बाकीचे पेपर सीएचबीवरचे सर आणि मॅडम शिकवत होते. सीएचबी म्हणजे शासनाच्या भाषेत तासिका तत्त्व. नेट-सेट झालेला, कधी पीएचडीही झालेला माणूस तासाच्या हिशेबाने मानधन घेऊन शिकवतो. तास झाला तर पैसे, सुट्टीत काही नाही. नेमणुकीची पत्रं उशिरा निघाली, म्हणून सत्र सुरू होऊन महिना होत आला तरी आमच्या कॅल्क्युलसला कुणी नव्हतं. नंतर जे सर आले ते सकाळी आमच्याकडे शिकवून दुपारी दुसऱ्या कॉलेजात जात. शंका विचारायच्या तर पार्किंगपर्यंत त्यांच्याबरोबर चालत जावं लागे. हे दुखणं एकट्या आमच्या कॉलेजाचं नाही. राज्यभर प्राध्यापक निवृत्त होतात आणि त्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. राज्य विद्यापीठांच्या परीक्षांचं काय होऊ शकतं, तेही २०१७ साली मुंबईत दिसलं होतं. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घाईने झाला, निकाल रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. अशा कारभारात आपली तीन वर्षं का घालायची, हा माझा प्रश्न होता. तो आजही मला चुकीचा वाटत नाही.

त्या खासगी विद्यापीठात मी गेले तेव्हा भारावून गेले. सत्राचं वेळापत्रक आधीच छापलेलं, निकालाची तारीख ठरलेली, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी दुसऱ्या भेटीत मला नावाने हाक मारली. कॉलेजात वर्षभर मी एक रोल नंबर होते, त्यामुळे ती हाक मनाला फार लागली. मला तिथे मनापासून जायचं होतं.

अडलं ते विषयांची यादी घेऊन बसले तेव्हा. नव्या शैक्षणिक धोरणात दोन सत्रांचे मिळून माझे ४४ क्रेडिट झाले होते. २०२१ पासून क्रेडिटची बँक सुरू आहे, विद्यार्थ्याच्या खात्यात ते जमा होतात. मला वाटलं होतं की खातं आपल्याबरोबर येतं म्हणजे वर्षही येतं. पण त्यातले कोणते विषय धरायचे ते घेणारं विद्यापीठ ठरवतं. माझे बरेचसे धरले जाणार होते, त्यामुळे तक्रार नव्हती. पुढच्या दोन वर्षांत काय शिकायचं, ते पाहायला मी त्यांची अभ्यासक्रमपत्रिका उघडली. पदवीच्या नावात गणित होतं, पण सक्तीचे पेपर बहुतेक डेटा सायन्सचे आणि प्रोग्रॅमिंगचे होते. ग्रुप थिअरी, कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस हे सगळं ऐच्छिकमध्ये, तेही पुरेशी मुलं आली तर. मी प्रवेश कार्यालयात विचारलं, अल्जेब्रा कोण शिकवतं? तिथल्या मॅडमनी आत जाऊन चौकशी केली आणि खरं ते सांगितलं: आदल्या वर्षी तो पेपर कुणी घेतलाच नव्हता, यंदा कुणी घेतला तर शिक्षक बघू. त्यांच्या त्या खरेपणाबद्दल मला आजही आदर वाटतो. ज्या कारणासाठी मी माझं कॉलेज सोडत होते, ते कारण तिथेही होतं. फक्त तिथे त्याची किंमत वर्षाला दीड लाखाच्या वर होती, आणि मला मिळणारी राज्य शासनाची शिष्यवृत्तीही तिथे गेल्यावर बंद होणार होती.

तरीही मी लगेच माघार घेतली नाही. आधी कॅल्क्युलसच्या त्या सरांना जाऊन विचारलं. ते थांब म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती.

"जा," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी मी इथे असेन की नाही, हेच मला माहीत नाही. तुला कशाच्या भरवशावर थांब म्हणू?"

मग मी विचारलं, की मी गेले तर गणित मेजर घेणारे किती उरतील. आमच्याकडे पहिल्या वर्षी तीन विषय असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर म्हणून निवडायचा असतो. बहुतेक मुलं केमिस्ट्रीकडे किंवा कॉम्प्युटरकडे वळतात. सरांनी मनाशी नावं मोजली, आणि मग त्यांनी मला कार्यभाराचं गणित समजावून सांगितलं. ते मला तोवर कुणीही सांगितलं नव्हतं. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकाचं पद कार्यभारावर मंजूर होतं. कार्यभार म्हणजे आठवड्याचे तास. तास किती, हे तुकड्या किती यावर आणि तुकड्या किती, हे मुलं किती यावर. शिक्षक नाहीत म्हणून मुलं जातात. मुलं गेली की तास कमी होतात. तास कमी झाले की पद कशाला हवं, असा शेरा येतो. पद नाही म्हणून पुढच्या वर्षी आणखी मुलं जातात. आमच्याच कॉलेजातला एका भाषेचा विभाग असाच आटत जाऊन बंद झाला. त्या विभागाचं कपाट अजून पॅसेजमध्ये आहे. त्यावर कुलूप आहे, आत पुस्तकं आहेत.

विभाग वाचवायला मी थांबले, असं म्हटलं तर ते खोटं होईल. एका मुलीने थांबून विभाग वाचत नाही, आणि स्वतःचं शिक्षण त्यासाठी पणाला लावावं, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण हा हिशेब कळला आणि वर्षभर कॉलेजवर असलेला माझा राग तिथून हलला. जागा रिकामी राहणं आपोआप घडत नाही. ती न भरायचं कुणीतरी ठरवलेलं असतं, किंवा भरायची फाईल कुणीतरी थांबवलेली असते. खासगी विद्यापीठं देखणी दिसतात, त्यात त्यांची मेहनत आहेच. पण इकडच्या जागा भरल्या असत्या, तर ती एवढी देखणी दिसली नसती.

माझं खरं कारण मात्र गणित आहे. त्याच सरांनी एकदा पूर्ण तास कँटरच्या एकाच युक्तिवादावर घेतला होता. शून्य आणि एक यांमधल्या सगळ्या संख्यांची यादी केली आहे, असं समजा. पहिल्या संख्येचा पहिला अंक घ्या, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, आणि प्रत्येक अंक बदलून एक नवी संख्या तयार करा. यादीतल्या प्रत्येक संख्येशी ती कुठेतरी फटकून आहे, म्हणजे ती यादीत नाही. यादी कितीही लांब करा, ती अपुरीच. १८९१ साली मांडलेला हा विचार एका बार्शीच्या मुलीला तासाभरात कळला, आणि ज्यांनी तो कळवला त्यांना त्या तासाचे पैसे बहुधा काही महिन्यांनी मिळाले असतील. तास संपल्यावर आम्ही चौघी वर्गात थांबून फळ्यावर तीच यादी पुन्हा मांडत बसलो. असे तास मला मिळाले होते, कमी मिळाले होते, पण मिळाले होते. त्या दुसऱ्या इमारतीत ते मिळतील, असं मला कुणीही सांगू शकलं नाही.

उरलेली उणीव भरून काढायला पुण्यात जागा आहेत, आणि तिथे तुमच्या कॉलेजाचं नाव विचारून आत घेत नाहीत. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ पासून आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. देशभरच्या विद्यापीठांतल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना संशोधनाच्या सोयी एकत्र मिळाव्यात म्हणूनच ती उभी राहिली, आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. तेव्हा मुंबई विद्यापीठात असलेल्या एस. कुमरेसन सरांनी १९९३ मध्ये सुरू केलेली एमटीटीएस ही उन्हाळी शिबिरं आहेत; साध्या कॉलेजातल्या मुलांना गणिताचा विचार कसा करायचा ते तिथे शिकवतात. यंदा मी त्यांचा अर्ज भरणार आहे. एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा द्यायची, तर तीही सगळ्यांना एकच.

माझ्याबरोबर कॉट बेसिसवर राहणारी मैत्रीण मात्र खासगी विद्यापीठात गेली. तिला डिझाइन करायचं होतं, तिला हवी ती कार्यशाळा इकडे नव्हतीच. तिचा निर्णय बरोबर आहे असं मला वाटतं. दुसरी इंजिनिअरिंगला आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. तिने बदलायचा विचार तिथेच सोडला. तीही बरोबर.

मला अजून धास्ती आहे ती टीवायची. कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसला कोण असेल, ते आज कुणाला माहीत नाही. वर्गातल्या आम्ही सगळ्यांनी सह्या करून प्राचार्यांना पत्र दिलं आहे: सत्र सुरू व्हायच्या आत सीएचबीच्या नेमणुका करा आणि वेळापत्रकात गणिताचे तास पूर्ण दाखवा. उत्तर आलं नाही, तर पुढचं पत्र उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात द्यायचं ठरलं आहे.

आत्याला माझा निर्णय पटलेला नाही. "पोरी, पैसे मी देत होते ना," असं ती फोनवर अजून म्हणते. मी तिला सांगितलं आहे की ते बाजूला ठेव, एमएस्सीला बाहेर नंबर लागला तर मी स्वतः मागायला येईन.