जंजिरा: दर्यावर्दी सिद्दींच्या बेटावर

नसरापूरहून राजगड जवळ, त्यामुळे आमच्या गावातली मुलं शिवरायांच्या गोष्टींवरच वाढतात. त्या गोष्टींत एक नाव पुन्हा पुन्हा येतं, जंजिऱ्याचा सिद्दी. पुस्तकात तो दोन-चार ओळींपुरता भेटतो, शत्रू म्हणून. तो कोण होता, कुठून आला, समुद्रातल्या खडकावर पिढ्यान्‌पिढ्या कसा राहिला, हे कुणी सांगत नाही. म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सगळी मंडळी, दादीअम्मांसकट, जंजिरा पाहायला निघालो.

चेलाडी फाट्यावरून महामार्गाला लागलो आणि कापूरहोळला भोरकडे वळलो. पुढे नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत होतं. वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे भरवशाचा नसतो, पण दिवाळीत डोंगर हिरवा असतो आणि रस्ता मोकळा. महाड, माणगाव, म्हसळा करत दिघीला पोहोचलो. तिथून फेरीबोट गाडीसकट खाडीपलीकडे आगरदांड्याला उतरवते. मुरूडजवळचं राजपुरी तिथून हाकेच्या अंतरावर.

तो शुक्रवार होता. जुम्म्याच्या वेळेला किल्ल्याच्या होड्या थांबतात, हे आधीच माहीत होतं. पुरुष मंडळींनी राजपुरीतच नमाज अदा केली, मग सगळ्यांनी तांदळाची भाकरी आणि मासळीचं कालवण खाल्लं. मग शिडाच्या होडीत बसलो. होडीवाले चाचा वाऱ्याकडे पाहून दोरी सैल करत, ताणत होते. इंजिनाचा आवाज नाही. लाटांची थाप तेवढी ऐकू येत होती.

किल्ला समोर दिसतो, पण दरवाजा दिसत नाही. काळ्या दगडाची तटबंदी सलग वाटते. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या आडून दरवाजा उघडतो. आत शिरताना भिंतीवर एक शिल्प आहे, पंजांत आणि शेपटीत हत्ती पकडलेला वाघासारखा प्राणी. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या या बेटावर गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. त्यांच्याशिवाय इथे वस्ती टिकलीच नसती. वर कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम या तोफा आहेत. सुरूलखानाचा वाडा आता नुसत्या भिंतींवर उभा आहे. त्याच्या कमानींतून झाडं उगवली आहेत.

‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’वरून आला, अर्थ बेट. सिद्दींच्याही आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, त्यांचा प्रमुख राम पाटील. तो अहमदनगरच्या निजामशाहीने घेतला. निजामशाहीच्या चाकरीतले आफ्रिकी वंशाचे हबशी सरदार इथे स्थिरावले. या किनाऱ्याला हबसाण हे नावच त्यांच्यामुळे पडलं. ज्यांचे पूर्वज बहुतेक गुलाम म्हणून समुद्रापारहून आणले गेले, त्यांनी याच समुद्रावर सत्ता उभी केली. १६७० च्या सुमारास ते मोगलांना मिळाले. सुरतेची व्यापारी जहाजं आणि हाजींची जहाजं सांभाळणं हे त्यांचं काम झालं. १६८९-९० मध्ये सिद्दी याकूतखानाने इंग्रजांच्या मुंबईला वेढा घातला. सौराष्ट्रातलं जाफराबादही त्यांच्याच ताब्यात होतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत जंजिऱ्यावर सिद्दी नबाबच होते.

तटावरून समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी बांधलेला. तो पाहताना आमच्या धाकट्याने विचारलं, “अब्बू, मग त्या लढाईत आपण कुणाकडून होतो?”

नसरापूरच्या मुलाने हा प्रश्न विचारावा यात नवल नाही. वर्गातही कधीतरी कुणी त्याला तो विचारणारच, आणि तेव्हा तो एकटा असेल. म्हणून तिथेच बसून आम्ही त्याला उत्तर दिलं.

१६७९ मध्ये खांदेरी बेटावरून मोठी झुंज झाली. एका बाजूला इंग्रज आणि सिद्दी. दुसऱ्या बाजूला महाराजांचं आरमार, आणि त्या आरमाराचे दोन मोठे सरदार होते मायनाक भंडारी आणि दौलतखान. म्हणजे सिद्दींवर चालून जाणाराही मुसलमान होता. ती लढाई धर्माची नव्हती. बंदरं कुणाची, जकात कुणाची, जहाजांना परवाना कुणाचा, यासाठी ती होती. सिद्दींनी किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं पळवून नेली, तेही खरं आहे. ते लपवायचं कारण नाही आणि त्याची लाज आपण वाहण्याचंही कारण नाही. आपण राजगडाच्या पायथ्याची माणसं. शिवरायही आपले आणि दौलतखानही आपलाच.

धाकट्याने थोडा वेळ विचार केला आणि दौलतखानाचा किल्ला कोणता म्हणून विचारलं. त्याला किल्ला नव्हता, जहाजं होती, हे ऐकून त्याला जास्तच आनंद झाला.

परतताना चाचांशी गप्पा झाल्या. बंदर, लंगर, खलाशी, सारंग, मोसम हे फारसी-अरबीतून आलेले शब्द इथले कोळीही बोलतात आणि मुसलमानही. नाखवा म्हणजे तांडेल, तोही मूळचा नाखुदाच. समुद्राने भाषाही वाटून घेतली नाही. दादीअम्मांना मुंबईहून सुटणारी हाजींची जहाजं आठवली. १९९५ पासून ती बंद झाली. आता हाजी विमानाने जातात आणि कोकणातले तरुण खलाशी म्हणून परदेशी जहाजांवर, नाहीतर आखातात नोकरीला.

संध्याकाळी राजपुरीजवळच्या खोकरीला गेलो. तिथे सिद्दींच्या दगडी घुमटांच्या कबरी आहेत. फातिहा पढून निघालो.

कुणाला जायचं असेल तर पावसाळा टाळा, तेव्हा होड्या बंद असतात. प्यायचं पाणी बरोबर न्या आणि न घसरणाऱ्या चपला घाला, कारण होडीतून दरवाजाच्या पायऱ्यांवर उतरताना लाट थांबत नाही. भिंतींवर नावं कोरलेली पाहून वाईट वाटतं, मुलांना ते आवर्जून दाखवा. आणि जाण्याआधी त्यांना दौलतखानाची गोष्ट सांगा. शाळेच्या पुस्तकात ती मिळेलच असं नाही.