शिपी आमटी आणि काबर्ने फ्रां

अकलूजहून टेंभुर्णी, करमाळा करत नगर गाठेपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. ऊस, ट्रॉल्या, पुन्हा ऊस. डिकीत फ्रातेल्ली वायनरीच्या काबर्ने फ्रां-शिराझ वाइनची बाटली होती आणि मुक्काम होता घोडेगावात, कांद्याच्या व्यापारातल्या मित्राकडे.

शनिशिंगणापूरला वळण्यापुरतंच घोडेगाव लोकांना ठाऊक असतं. वाटेत बैल जुंपलेल्या लाकडी घाण्याचा रस प्यायचा आणि देवाकडे पळायचं. कांद्याच्या लिलावात उभं राहिल्याशिवाय मात्र हे गाव कळत नाही.

रात्री शिपी आमटी होती. काळपट रंग, वर तर्रीचा तवंग, कुस्करायला बाजरीची भाकरी. बाटली उघडली. मित्राने पेला नाकाशी नेला. “अरे, ही तर ढोबळी मिरची!”

रोज कांदा पारखणाऱ्याचं नाक ते! ढोबळ्या मिरचीला ज्याने वास येतो, तेच पायराझीन गटातलं रसायन काबर्ने फ्रांच्या द्राक्षात असतं. द्राक्ष जरा लवकर खुडलं की हा वास जास्तच जाणवतो. वाइनचे वर्ग केलेल्या शहरी मंडळींना हे शिकवावं लागतं.

हे द्राक्ष बोर्दोचं म्हणून मिरवतं खरं, पण डीएनए तपासणीने त्याचं मूळ बास्क मुलखाकडे नेलंय. तिथल्या किनाऱ्यावरचं, बाहेर फारसं कुणाला माहीत नसलेलं होन्दार्राबी बेल्त्सा हे काळं द्राक्ष त्याचं अगदी जवळचं नातलग. शिवाय नाशकात ठिकठिकाणी लावलेली काबर्ने सोव्हिन्यों ही काबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांची लेक, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी 1997 साली दाखवून दिलं.

“म्हणजे नाशिकची सोयरीक थेट बास्कांशी,” वहिनी म्हणाल्या.

वंशावळ इथवर रंगली आणि मी आमटीचा भुरका मारून वर वाइनचा घोट घेतला. तोंडात नुसता जाळ! तिखटावर मद्यार्क पडला की आग वाढते, त्यात टॅनिनचा तुरटपणा आणि दिवसभर डिकीत तापलेली बाटली. डोळ्यांतून पाणी. मित्र हसतोय.

“भाऊजी, ताक घ्या. ती बाटली फ्रिजमध्ये टाका.”

वहिनींचं बरोबर होतं. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातही काबर्ने फ्रां जराशी गारच पितात. अर्ध्या तासाने ती वांग्याच्या भरिताबरोबर पुन्हा आली. भाजल्या वांग्याचा धुरकट वास आणि वाइनमधली ती ढोबळी मिरची यांचं मस्त जमलं. मित्राने दुसरा पेला मागितला, पण पहाटे लिलाव असल्याची आठवण वहिनींनी करून दिली.