निकालावरची दुसरी नजर

सुरतेतील लिंबायत हा मराठी वस्तीने गजबजलेला भाग. ऑक्टोबर २०१८ मध्ये येथे साडेतीन वर्षांच्या एका बालिकेवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. जुलै २०१९ मध्ये सुरतच्या विशेष न्यायालयाने आरोपीस फाशी सुनावली आणि डिसेंबरात गुजरात उच्च न्यायालयाने ती कायम केली. मात्र फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या वॉरंटास स्थगिती दिली. दाद मागण्याची मुदत संपण्यापूर्वीच ते निघाले होते. बागेतील आमच्या बाकावर त्या संध्याकाळी संताप उसळला. "अशा माणसाला कसली मुदत?" असे मीही म्हणालो.

रात्री मात्र झोप येईना. नोकरीत मी महसुली अपिले चालवली होती. एका वृद्धेच्या जमिनीच्या नोंदीबाबतचा खालचा आदेश मी चार ओळींत कायम केला होता. मूळ नोटीस तिला पोहोचलीच नव्हती, हे पुढे माझा आदेश वरून रद्द झाला तेव्हा मला कळले. नोंद दुरुस्त होते. दिलेली फाशी दुरुस्त होत नाही.

म्हणूनच सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाच्या पुष्टीवाचून अमलात येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. आरोपीने अपील केले नाही, तरी किमान दोन न्यायमूर्तींनी पुरावा नव्याने तपासायचा असतो. शिक्षा कमी वाटली, तर वाढीसाठी सरकारलाही अपील करता येते. उलट, वरच्या न्यायालयाच्या दयेलाही मर्यादा आहे. बलात्काराच्या किमान शिक्षेखाली विशेष कारणे नोंदवून उतरण्याची मुभा २०१३ च्या दुरुस्तीने काढून टाकली, आणि २०१८ मध्ये ही किमान शिक्षा सात वर्षांवरून दहा वर्षे झाली.

मुंबईचे शक्ती मिल प्रकरण या संदर्भात आठवते. एप्रिल २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने तिघांना पुन्हा तोच गुन्हा केल्याबद्दल फाशी दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्या. साधना जाधव व न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने तिचे रूपांतर जन्मभराच्या कारावासात केले. पॅरोल नाही, फर्लोही नाही. लोकक्षोभ हा शिक्षेचा आधार होऊ शकत नाही आणि मृत्यू पश्चात्तापाची शक्यताच संपवतो, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. निकाल वाचताना मला तो सौम्य वाटला नाही.

तरी एक बोच उरतेच. या दोन निकालांत साडेसात वर्षांहून अधिक काळ गेला. तेवढा काळ पीडितेने आणि तिच्या घरच्यांनी कसा काढावा? फेरतपासणी आणि दिरंगाई या एकच गोष्टी नव्हेत. पहिली न्यायाचे अंग आहे, दुसरी त्याचा रोग. आपण राग धरतो तो बहुधा पहिलीवर. धरायला हवा दुसरीवर.

हे त्या बाकावर सांगायला मला बरेच दिवस लागले. सांगितले तेव्हा कोणी वाद घातला नाही, कोणी मानही डोलावली नाही. एका मित्राने एवढेच विचारले, "त्या मुलीचे आईवडील असते समोर, तर बोलला असतास?" उत्तर मला देता आले नाही. पण वरच्या न्यायासनावर मला बसवले असते, तर कागद मी पुन्हा पहिल्या पानापासूनच वाचले असते.